आधी जागा, मग मोटरहोम

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेत मोटरहोम भाड्याने घेऊन फिरण्याबद्दल पर्यटन पुरवण्यांमध्ये अलीकडे बरेच छापून येते. मुलांकडे जाणारे आई-वडील आणि तिकडे स्थायिक झालेली मराठी कुटुंबे हे लेख वाचून सहलीचे बेत आखतात. पण बहुतेक लेखांत पहिली पायरी गाडी निवडण्याची असते : केवढी घ्यायची, बेड किती, स्वयंपाकघर कसे. दक्षिणेकडच्या राज्यांतल्या एखाद्या लहान गावी जायचे असेल तर हा क्रम उलटा करावा लागतो. आधी मुक्कामाची जागा पक्की करावी, त्या जागेची लांबी, वीज आणि रस्ता विचारावा आणि त्या हिशेबाने गाडी घ्यावी. मोठ्या शहराजवळ गाडी न मावणारी जागा मिळाली तर दुसरी सापडते. लहान गावात संध्याकाळी सहा वाजता दुसरी जागा नसते.

उदाहरण म्हणून टेनेसी राज्यातले टाउनसेंड घेऊ. ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानाच्या वेशीवर, लिटल रिव्हर नदीच्या काठी वसलेले हे छोटे गाव. गॅटलिनबर्ग आणि पिजन फोर्ज या जवळच्या पर्यटनगावांची गर्दी नको असलेले लोक इथे उतरतात. मुक्कामाचे दोन पर्याय आहेत आणि ते एकमेकांपासून फार वेगळे आहेत. एक, गावातली खासगी आरव्ही पार्क, म्हणजे मोटरहोम लावून राहायचे तळ, जिथे वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी जागेवरच मिळते. दुसरा, उद्यानातले केड्स कोव्ह कॅम्पग्राउंड, गावापासून साधारण ९ मैलांवर. तिथे जागेवर वीज नाही, नळजोड नाही, अंघोळीची सोय नाही. फ्लशची स्वच्छतागृहे आणि डंप स्टेशन, म्हणजे गाडीतल्या सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करायची जागा, आहे. मोटरहोमला ४० फुटांची मर्यादा आहे, ओढून न्यायच्या ट्रेलरला ३५ फुटांची. जवळच्या एल्कमाँट कॅम्पग्राउंडला हेच आकडे ३५ आणि ३२ आहेत. आरक्षण रिक्रिएशन डॉट गव्ह या संकेतस्थळावर सहा महिने आधी उघडते. ऑक्टोबरातल्या, पाने रंगण्याच्या दिवसांतल्या शनिवार-रविवारच्या जागा हव्या असतील तर त्याच दिवशी सकाळी संगणकासमोर बसावे. एका जागेवर जास्तीत जास्त सहा माणसे चालतात. आजी-आजोबांसह सात जण निघाले असतील तर दोन जागा घ्याव्या लागतील.

या दोहोंतली निवड महिन्यावर करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. जुलै-ऑगस्टमध्ये दमट उकाडा असतो आणि एसीशिवाय मोटरहोममध्ये झोप लागत नाही. उद्यानात जनरेटर सकाळी ८ ते रात्री ८ एवढाच चालवता येतो आणि काही भागांत त्याला पूर्ण बंदी आहे, म्हणजे रात्रभर एसी मिळणार नाही. तेव्हा उन्हाळ्यात गावातली वीज असलेली जागा घ्यावी. एप्रिल, मेचा पहिला पंधरवडा आणि ऑक्टोबर उद्यानासाठी ठेवावेत.

जागा ठरवताना पार्कच्या कार्यालयाला फोन करून चार प्रश्न विचारावेत. संकेतस्थळावरचा आकडा पुरेसा नसतो. ‘४० फुटांची जागा’ म्हणजे नुसती मोटरहोम ४० फूट, की मागे ओढलेली छोटी गाडीही त्यातच बसवायची? जागा सरळ आत जाऊन पुढून बाहेर पडायची आहे, की मागे घेत लावायची? वीज ३० अँपिअरची की ५०ची? आणि डाव्या अंगाला झाड किंवा खांब आहे का? शेवटचा प्रश्न फारसे कोणी विचारत नाही. अमेरिकन मोटरहोमच्या बहुतेक जोडण्या चालकाच्या, म्हणजे डाव्या बाजूला असतात आणि बाहेर सरकणारी भिंत, जिला स्लाइड-आउट म्हणतात, तीही बहुधा तिकडेच असते. तिला सुमारे तीन फूट मोकळी जागा लागते. नदीकाठच्या जुन्या पार्कमध्ये झाडे भरपूर असतात, सावली मिळते, पण स्लाइड अर्धीच उघडली तर पलंगापर्यंत जाता येत नाही.

एवढे कळले की गाडी ठरते. चार जणांना २५ ते २८ फुटांची क्लास सी, म्हणजे चालकाच्या डोक्यावर पलंग असलेली मोटरहोम, या डोंगराळ भागासाठी सर्वांत सोयीची. ३५ फुटांची क्लास ए, म्हणजे बससारखी मोटरहोम, चैनीची खरी, पण अरुंद वळणांवर तिचे मागचे टोक शेजारच्या लेनमध्ये झुकते. मागच्या चाकांच्या पलीकडे जेवढी गाडी लांब, तेवढे ते झुकणे जास्त. पेट्रोल पंपावरून वळून निघताना मागचा कोपरा पंपाच्या लोखंडी खांबाला घासण्याचे हेच कारण. पुढे थोडे सरळ जाऊन मग वळावे आणि डावा-उजवा दोन्ही आरसा पाहावा. गाडीची नेमकी उंची कागदावर लिहून चालकासमोर चिकटवावी. क्लास सी साधारण १० ते ११ फूट, क्लास ए १२ ते १३ फूट असते. ड्राइव्ह-थ्रूचे छप्पर आणि बँकेचा मांडव यांखाली शिरायचे नाही, हे ठरवूनच टाकावे.

भाड्याचा करार वाचताना रोजचे भाडे हा खर्चाचा एक भाग असतो, हे ध्यानात ठेवावे. मैलांचा दर वेगळा, जनरेटरच्या तासाचा वेगळा, टाक्या रिकाम्या न करता परत दिल्यास दंड वेगळा. क्लास सी एका गॅलनला ८ ते १० मैल जाते, त्यावर इंधनाचा हिशेब करावा. क्रेडिट कार्डाबरोबर येणारा भाड्याच्या गाडीचा विमा मोटरहोमला बहुधा लागू नसतो. कार्ड कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावे. ताब्यात घेताना छतासह सगळ्या बाजूंचे चित्रण करावे. टायरच्या कडेवर डॉट या अक्षरांनंतरच्या क्रमांकातले शेवटचे चार आकडे पाहावेत : पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी नवी दिसत असली तरी सहा-सात वर्षे झालेला टायर दक्षिणेतल्या उन्हात, पूर्ण भारावर हायवेला फुटू शकतो. असा टायर असेल तर दुसरी गाडी मागावी, यात संकोच नको. हवेचा दाब सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी तपासावा.

आता रस्ता. नॅशव्हिलहून येणाऱ्यांनी आय-४० महामार्गावरून निघून ३६४ क्रमांकाच्या एक्झिटने यूएस-३२१ धरावा. अटलांटाहून येणाऱ्यांनी आय-७५ च्या ८१ व्या एक्झिटने तोच रस्ता घ्यावा. लेनॉर सिटी, मॅरीव्हिल करत तो टाउनसेंडला आणतो आणि नॉक्सव्हिलची गर्दी टळते. फोनवरचा नकाशा गाडीची लांबी विचारत नाही. दक्षिणेकडून किंवा नॉर्थ कॅरोलिनातून येताना तो कधी यूएस-१२९ सुचवतो. त्यातला ‘टेल ऑफ द ड्रॅगन’ नावाचा ११ मैलांचा तुकडा ३१८ वळणांचा आहे आणि टेनेसीच्या हद्दीत ३० फुटांहून लांब ट्रकना तिथे बंदी आहे. मोटरहोम लहान असली तरी तिकडे नेऊ नये. वळणावर मागचे टोक पिवळी रेघ ओलांडते आणि समोरून मोटरसायकली येत असतात. केड्स कोव्हमधून बाहेर पडणारा रिच माउंटन रोड नकाशात जवळचा दिसतो. तो कच्चा आणि एकेरी आहे, मोटरहोम आणि ट्रेलरना बंद आहे. टाउनसेंड ते गॅटलिनबर्ग जाणारा लिटल रिव्हर रोड जुन्या लाकूडवाहू रेल्वेच्या मार्गावर बांधलेला, नदीला चिकटून वळत जाणारा रस्ता आहे. तो छोट्या गाडीने पाहावा. मोटरहोमला वेअर्स व्हॅलीतून जाणारा यूएस-३२१ बरा.

नॅशव्हिलकडून निघणाऱ्यांचा एक तास वाटेत जातो, कारण नॅशव्हिल सेंट्रल वेळेवर चालते आणि टाउनसेंड ईस्टर्न वेळेवर. दुपारी एकला निघून पाच तासांत पोचू, असे म्हणणारा माणूस गावात सातला पोचतो. तोवर पार्कचे कार्यालय बंद झालेले असते आणि ऑक्टोबरात डोंगराआड सूर्य गेलेला असतो. दिवे नसलेल्या पार्कमध्ये २८ फुटी गाडी मागे घेणे हे सहलीतले सर्वांत जास्त नुकसानीचे काम आहे. सकाळी आठला निघावे. उतारावर ब्रेकवर पाय दाबून ठेवू नये. ‘टो-हॉल’ लिहिलेले बटण दाबून गिअर खाली आणावा, नाहीतर ब्रेक तापून पकड सोडतात. मागे तीन-चार गाड्या साचल्या की बाजूच्या थांब्यात शिरून वाट द्यावी. त्या रस्त्यावर कामाला, शाळेला जाणारे गावकरी असतात.

जागेवर पोचल्यावर आधी गाडी समपातळीत आणावी, मग बाकीचे. डावी-उजवी बाजू आधी, पुढची-मागची नंतर. खालच्या बाजूच्या चाकांखाली प्लॅस्टिकचे ठोकळे घालून गाडी वर चढवायची, चाकांना अडणी लावायची. प्रोपेन गॅसवर चालणाऱ्या फ्रिजसाठी समपातळी फार महत्त्वाची असते. त्यात कॉम्प्रेसर नसतो. अमोनियाचे द्रावण उष्णतेने वर जाते आणि आपल्या वजनाने खाली येते. गाडी कलती असली की ते एका जागी साचते, थंडावा थांबतो आणि तसेच तासन्‌तास चालू ठेवल्यास आतली नळी कायमची बाद होते. असा फ्रिज थंड व्हायलाही बराच वेळ घेतो, म्हणून आदल्या दिवशी चालू करून आधीच गार केलेले सामान भरावे. नव्या गाड्यांत १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज असतो. त्याला कलते चालते, पण तो बॅटरी खातो.

विजेची जोडणी घाईने करू नये, कारण इथे चूक झाली तर एसी, मायक्रोवेव्ह आणि चार्जर एकदम जातात. विजेच्या खांबावरची पेटी उघडून ब्रेकर बंद करावा. सॉकेटच्या फटी पाहाव्यात. तपकिरी किंवा वितळलेल्या दिसल्या तर जागा बदलून मागावी. मग खांब आणि गाडी यांच्या मध्ये ईएमएस, म्हणजे कमी-जास्त व्होल्टेज आणि उलटसुलट तारा ओळखून वीज तोडणारा संरक्षक जोडावा, केबल लावावी आणि ब्रेकर चालू करावा. ईएमएसमधून गाडीत वीज यायला दोनेक मिनिटे लागू शकतात. उपकरण बिघडले समजून केबल उपटू नये. उन्हाळ्याच्या दुपारी सगळे एसी चालू झाले की जुन्या पार्कमध्ये दाब ११० व्होल्टखाली उतरतो. १०४ च्या खाली एसीचा कॉम्प्रेसर तापून जळू शकतो. साधा सर्ज प्रोटेक्टर अचानक उसळलेला दाब अडवतो, पण दाब कमी झाल्यावर काही करत नाही. दोहोंतला फरक विचारून घ्यावा.

३० अँपिअर म्हणजे १२० व्होल्टवर ३,६०० वॉट. त्यातले १२-१३ अँपिअर एकटा एसी घेतो, मायक्रोवेव्ह जवळपास तेवढेच घेतो, विजेवरचे गिझर १२. कोणतेही दोन चालतील, तिसरे लावले की ब्रेकर पडेल. गिझर प्रोपेनवर टाकले की प्रश्न सुटतो. ५०च्या गाडीला ३०च्या खांबावर लावायचा अडॅप्टर जवळ असावा. घरगुती १५ अँपिअरच्या सॉकेटवर अडॅप्टर लावून एसी चालवणे मात्र टाळावे, प्लग वितळतो. छतावरचा एसी आत ओढलेल्या हवेपेक्षा साधारण १५ ते २० अंश फॅरनहाइट गार हवा सोडतो, म्हणून दुपारी तीनला तापलेल्या गाडीत तो लावून उपयोग नसतो. सकाळी नऊला लावावा, पुढच्या काचेवर चमकती पडदी ओढावी. फोडणी करताना छतावरचा पंखा चालू ठेवावा, नाहीतर धुराचा भोंगा वाजतो. तो काढून ठेवण्याचा मोह आवरावा, कारण मोटरहोमच्या राहण्याच्या भागाला बाहेर पडायचे दार बहुधा एकच असते.

पाण्याला दाबनियंत्रक लावावा, ४० ते ५० पीएसआयचा, आणि तो नळाजवळ लावावा म्हणजे होजही वाचतो. गाडीजवळ लावला तर होज फुटण्याची शक्यता तशीच राहते. पिण्याचा होज पांढरा, वेगळा. मैला धुण्याचा वेगळ्या रंगाचा आणि वेगळ्या पेटीत.

मैल्याच्या टाकीबद्दल लेखांमध्ये लाजून मौन पाळले जाते आणि सर्वाधिक सहली तिथेच बिघडतात. सांडपाण्याची जोडणी आहे म्हणून मैल्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडा ठेवला तर पाणी वाहून जाते, घन भाग तळाशी बसून सुकतो आणि त्याचा ढीग होतो. तो पुढे कशाने हलत नाही. व्हॉल्व्ह बंदच ठेवावा, टाकी किमान दोन-तृतीयांश भरली की रिकामी करावी. हातमोजे घालून आधी मैल्याच्या आणि धुण्याच्या पाण्याच्या अशा दोन्ही टाक्यांचे व्हॉल्व्ह बंद असल्याची खात्री करावी, मगच झाकण काढावे, खाली बादली ठेवून. तीन इंची होजचे टोक गाडीच्या खाचांत फिरवून घट्ट बसवावे, दुसरे टोक कोपऱ्याच्या जोडाने जमिनीतल्या तोंडात. त्यावर वजन ठेवावे, कारण पहिल्या लोंढ्याने होज उडी मारतो. मैल्याची टाकी आधी सोडायची. पारदर्शक जोडातून वाहणे थांबलेले दिसले की तो व्हॉल्व्ह बंद करून धुण्याच्या पाण्याची टाकी सोडायची, म्हणजे तेच पाणी होज धुऊन काढते. शेवटी संडासातून दोन-तीन गॅलन पाणी आणि मैल्याच्या टाकीसाठी मिळणारे औषध आत सोडावे. टाकी कोरडी ठेवली की पुढच्या वेळी पुन्हा ढीग. लवकर विरघळणारा कागद वापरावा. ‘फ्लशेबल’ लिहिलेले ओले रुमालही टाकू नयेत. तळणीचे तेल आणि भाताची शिते धुण्याच्या पाण्यात गेली की वास त्या टाकीतून येऊ लागतो. भांडी आधी कागदाने पुसावीत.

केड्स कोव्हमध्ये राहायचे तर हिशेब टाक्यांचा आणि बॅटरीचा. चाळीस गॅलन पाणी चार जणांना सांभाळून दोन-तीन दिवस पुरते. दोन गॅलन प्रतिमिनिटाचा शॉवर दहा मिनिटे चालला की अर्धे संपले. १०० अँपिअर-तासांच्या साध्या लेड बॅटरीतले निम्मेच वापरायचे असतात. ऑक्टोबरच्या थंड रात्री हीटरचा पंखा सात-आठ अँपिअर ओढतो, आठ तासांत निम्मा वेळ चालला तरी तीसच्या घरात अँपिअर-तास जातात. अंगावर जाड पांघरूण घेऊन हीटरचे तापमान कमी ठेवणे हाच उपाय. भाड्याच्या गाडीतला जनरेटर मुख्य टाकीतले पेट्रोल घेतो आणि टाकी पाव भरलेली राहिली की आपोआप थांबतो. उद्यानात पेट्रोल पंप नाही, फोनची रेंजही जवळपास नाही. टाउनसेंडलाच टाकी भरावी आणि आरक्षणाचा कागद छापून न्यावा. पंपावर प्रोपेन बंद करायला विसरू नये.

केड्स कोव्हचा ११ मैलांचा एकेरी फेरा मोटरहोमने करू नये. अस्वल दिसले की सगळे थांबतात, दोन-तीन तास जातात. मॅरीव्हिल किंवा नॉक्सव्हिलहून छोटी गाडी दोन दिवस घ्यावी. मे ते सप्टेंबरच्या दरम्यान दर बुधवारी हा फेरा गाड्यांना बंद असतो, तेव्हा सायकलीने जावे. उद्यानाला प्रवेशशुल्क नाही, पण १ मार्च २०२३ पासून १५ मिनिटांहून जास्त वेळ गाडी उभी करायला पार्किंग टॅग लागतो : दिवसाचे ५ डॉलर, आठवड्याचे १५, वर्षाचे ४०. बाहेरून आणलेले जळण फक्त उष्णता-प्रक्रिया केलेले आणि तसे शिक्का मारलेले चालते, कारण लाकडातून किडे येऊन जंगलातली झाडे मारतात. खाण्याचे डबे, कूलर, अगदी टूथपेस्टसुद्धा रात्री बंद गाडीत हवी.

मार्च ते मे हा दक्षिणेत टोर्नेडोचाही काळ. हवामानाचा इशारा गावाच्या नव्हे, काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या नावाने येतो. टाउनसेंड ब्लाउंट काउंटीत आहे, शेजारची सेव्हियर. ही नावे प्रत्येकाला माहीत हवीत, नाहीतर रेडिओवर ऐकूनही कळत नाही की बोलणे आपल्याबद्दल आहे. ‘वॉच’ म्हणजे वातावरण पोषक आहे. ‘वॉर्निंग’ म्हणजे टोर्नेडो दिसला आहे किंवा रडारवर पकडला आहे, तेव्हा लगेच उठायचे. मोटरहोम हा आसरा नाही. पक्क्या बांधकामाचे स्नानगृह कुठे आहे, हे नोंदणी करतानाच विचारावे. १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्‌झवर चालणारा हवामान रेडिओ जवळ ठेवावा. डोंगरात फोनवर भरवसा ठेवता येत नाही. नदीला लागून असलेली जागा सुंदर असते, पण वर डोंगरात पाऊस झाला की खाली पाणी झपाट्याने चढते. अशा रात्री स्लाइड आत, गाडीबाहेरचे कापडी छत गुंडाळलेले, किल्ली ठरल्या जागी.

लहान गावात सुटे भाग मिळत नाहीत. जवळचे मोठे दुकान मॅरीव्हिलला, साधारण १७ मैलांवर, आणि रविवारी सकाळी बरेच काही बंद. होजचे रबरी वायसर, १५ आणि २० अँपिअरचे फ्यूज, होजचा कोपरा-जोड, एक जास्तीचा दहा फुटी सांडपाण्याचा होज आणि हातमोजांची पेटी बरोबर असावी.

संपादक महोदय, मोटरहोमवरचा पुढचा लेख छापताना शेजारी एक चौकट द्यावी, एवढी विनंती : मुक्कामाच्या जागेची कमाल लांबी, वीज किती अँपिअरची, डंप स्टेशन कुठे, कोणता रस्ता टाळायचा आणि काउंटीचे नाव.

आपला,
एक नियमित वाचक